शंकरपटाचें मैदान : बंदी कीं नियम?



आष्टी या नांवाचीं गांवें महाराष्ट्रांत एकाहून अधिक आहेत. बेचाळीसच्या चळवळीमुळें वर्धा जिल्ह्यांतील आष्टी सर्वांस ठाऊक झाली. बीड जिल्ह्यांतील आष्टी तालुक्याचें ठिकाण आहे. मी आज ज्या आष्टीच्या बाजूनें बोलणार आहें, ती जालना जिल्ह्यांतील परतूर तालुक्यांत आहे. हा तालुका पूर्वीं परभणी जिल्ह्यांत मोडत असे. १९८१ सालीं जालना जिल्हा निर्माण झाला, तेव्हां तो त्यांत आला. भोंवतालीं कापूस, तूर, ज्वारी आणि अलीकडे सोयाबीन पिकविणारी शेतजमीन. रब्बीचें पीक घरीं आलें कीं या मुलखांतील शिवार उघडें पडतें, आणि शेतकऱ्याच्या मनांत एक जुनी हौस जागी होते. ती हौस म्हणजे शंकरपट. ती कायद्यानें कां बंद झाली, पुन्हां कशी मोकळी झाली, आणि मोकळी राहावयाची तर काय केलें पाहिजे, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

शहरांतील श्रोत्यांपैकीं पुष्कळांनीं शंकरपट पाहिला नसेल. आखून दिलेल्या सरळ पट्टीवर हलक्या दोनचाकी गाडीस जुंपलेली बैलजोडी पळवावयाची, घड्याळ लावून वेळ मोजावयाचा, आणि सेकंदाच्या अंशावरून निकाल द्यावयाचा, असें याचें साधें स्वरूप आहे. विदर्भांत आणि मराठवाड्यांत यास शंकरपट म्हणतात. अमरावती जिल्ह्यांतील तळेगांव दशासर येथील पट विशेष प्रसिद्ध आहे. पुणें जिल्ह्यांत याच खेळास बैलगाडा म्हणतात. तेथें धांवपट्टीला ‘घाट’ असें नांव आहे, आणि गाड्यापुढें घोडी पळविण्याची चाल आहे. रायगड जिल्ह्यांत अलिबागेच्या बाजूस तर समुद्राच्या ओल्या वाळूवर गाड्या पळतात. अन्य देशांत वाळूच्या टेकड्यांवर मोटार चढवून जी हौस भागविली जाते, तीच आमच्या शेतकऱ्यानें बैलजोडी जुंपून भागविली. रस्ता सोडून मोकळ्या भूमीवर वाहन पळविण्याचा आनंद दोन्हीकडे एकच आहे, आणि त्यावर येणारे आक्षेपही बरेचसे सारखेच आहेत.

आतां कायद्याकडे वळूं. प्राण्यांना क्रूरतेनें वागविण्यास प्रतिबंध करणारा अधिनियम १९६० सालचा आहे. ज्या प्राण्यांचे खेळ करून दाखविण्यास मनाई आहे त्यांची यादी या कायद्यान्वयें प्रसिद्ध होते. २०११ च्या जुलैमध्यें केंद्र सरकारनें त्या यादींत बैलाचा समावेश केला. पुढें ७ मे २०१४ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें तामिळनाडूंतील जल्लीकट्टू आणि महाराष्ट्रांतील बैलगाडीच्या शर्यती या दोहोंवर बंदी घातली. बैलाची शरीररचना घोड्याप्रमाणें शर्यतीसाठीं घडलेली नाहीं, आणि केवळ करमणुकीकरितां त्याला वेदना देण्याचा अधिकार मनुष्यास नाहीं, हा त्या निर्णयाचा गाभा होता. २०१७ सालीं महाराष्ट्र विधिमंडळानें मूळ कायद्यांत दुरुस्ती करून शर्यतींना वाट करून दिली. परंतु त्याच वर्षीं मुंबई उच्च न्यायालयानें परवानग्या देण्यास मनाई केली. १६ डिसेंबर २०२१ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें तात्पुरती अनुमति दिली, आणि १८ मे २०२३ रोजीं पांच न्यायाधीशांच्या घटनापीठानें तामिळनाडू, कर्नाटक व महाराष्ट्र या तिन्ही राज्यांच्या दुरुस्त्या वैध ठरविल्या.

बंदी मागणाऱ्यांचें म्हणणें पोकळ होतें असें कोणीं समजूं नये. शेपूट पिरगाळणें, तिला चावा घेणें, पराणीनें टोंचणें, विजेचा झटका देणें, असले प्रकार शर्यतींत घडत असत, आणि ते न्यायालयापुढें मांडले गेले. बैल मुका आहे. त्याची फिर्याद दुसऱ्या कोणी तरी मांडावी लागते. ती मांडणाऱ्यांस शेतकऱ्याचे शत्रु म्हणणें अन्यायाचें होईल. पोळ्याच्या दिवशीं ज्याच्या शिंगांस बेगड लावावयाची, ज्याला पुरणपोळीचा घांस द्यावयाचा, त्याच्याच पाठीवर दुसऱ्या दिवशीं पराणी चालवावयाची, ही विसंगति आपल्यालाही बोंचली पाहिजे.

परंतु बंदीनें काय साधलें, याचाही विचार करावयास हवा. हौस कागदावरून नाहींशी झाली तरी शिवारांतून गेली नाहीं. बंदी असतांनाही शर्यती होत राहिल्या. २०२१ च्या ऑगस्टमध्यें सांगली जिल्ह्यांत आटपाडी तालुक्यांतील झरे या गांवीं पोलिसांचा बंदोबस्त असतां पहांटेच्या सुमारास आयत्या वेळीं निराळी पट्टी आखून शर्यत उरकण्यांत आली. चोरून होणाऱ्या शर्यतीस पशुवैद्य येत नाहीं, तेथें प्रेक्षकांसाठीं कठडा नसतो, आणि पराणी कोणाच्या हातांत आहे हें कोणी पाहत नाहीं. ज्या क्रूरतेच्या निवारणासाठीं बंदी आली, त्या क्रूरतेलाच अंधाराचा आडोसा मिळाला.

नियमबद्ध शर्यतीचें याच्या उलट आहे. महाराष्ट्राच्या २०१७ च्या नियमांप्रमाणें जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते; धांवपट्टी हजार मीटरांहून लांब असतां कामा नये; बैल निरोगी असल्याचा पशुवैद्याचा दाखला लागतो; काठी, चाबूक, विजेचें उपकरण यांस सक्त मनाई आहे. बैलास इजा केल्यास पांच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद होऊं शकते. घटनापीठानेंही या नियमांची काटेकोर अंमलबजावणी करण्याची जबाबदारी जिल्ह्याच्या अधिकाऱ्यांवर टाकली आहे. नियम मोडणारास पकडावयाचें तर खेळ उजेडांत चालला पाहिजे, ही साधी गोष्ट आहे.

येथें एक परदेशी उदाहरण उद्बोधक होईल. अमेरिकेंत, कॅलिफोर्नियाच्या आग्नेय कोपऱ्यांत, मेक्सिकोच्या सीमेलगत अल्गोडोनेस नांवाच्या वाळूच्या टेकड्या आहेत. ही जमीन सरकारी, आणि वाळूवर मोटारी पळविणाऱ्या हौशी लोकांची ती पंढरीच. त्या वाळूंत शेंगवर्गांतील एक दुर्मिळ वनस्पति उगवते. तिच्या रक्षणासाठीं निसर्गप्रेमी संस्थांनीं दावा केला, आणि २००० सालीं सुमारें ४९ हजार एकर क्षेत्र वाहनांस बंद झालें. बरींच वर्षें वाद चालला. शेवटीं २०१३ च्या योजनेनें यांतील पुष्कळसा भाग पुन्हां मोकळा केला, आणि त्या वनस्पतीच्या वस्तीचें सुमारें ९ हजार एकर क्षेत्र मात्र बंदच राखलें. म्हणजे ‘सर्व मोकळें’ आणि ‘सर्व बंद’ या दोन टोकांच्या मध्यें भूमीची वांटणी करणें शक्य आहे, हा धडा त्यांतून मिळतो. आपल्या कोंकणांतही ज्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवें अंडीं घालतात, त्या वाळूवर त्या दिवसांत कोणतीही गाडी, बैलाची असो वा पेट्रोलची, जातां कामा नये. तेवढी पट्टी सोडून उरलेला किनारा खेळास राहतोच.

शर्यतींच्या बाजूनें असें सांगितलें जातें कीं, त्यांच्यामुळें देशी बैल टिकतो. या म्हणण्यांत तथ्य आहे, पण तें तोलून घेतलें पाहिजे. २०१९ च्या पशुगणनेंत भारतांतील गोवंशाच्या नर जनावरांची संख्या ४ कोटी ७४ लाख भरली. २०१२ च्या गणनेहून ती सुमारें ३० टक्क्यांनीं कमी होती. ही घट शर्यतीच्या बंदीनें झाली असें म्हणणें भाबडेपणाचें आहे. नांगर, वखर आणि मोट यांची जागा ट्रॅक्टर आणि पंप यांनीं घेतली, हें तिचें मोठें कारण. मराठवाड्याची लाल कंधारी आणि देवणी, पश्चिमेकडील खिल्लार, या जाति केवळ पटावर जगणार नाहींत. तथापि ज्याला शेतांत काम उरलें नाहीं अशा चांगल्या खोंडाला दाणावैरण घालण्यास मालकाला कांहीं तरी कारण हवें असतें, आणि पट हें तसें एक कारण आहे. तें लहान असेल, पण नाहींसें करण्याजोगें नाहीं.

मग आष्टीसारख्या गांवास हवें तरी काय? पहिली गोष्ट जागा. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेंत गायरान, खळें, बाजार यांसाठीं जमीन राखून ठेवण्याची तरतूद आहे. परंतु अशा सार्वजनिक जमिनींवर देशभर इतकीं अतिक्रमणें झालीं कीं, २०११ च्या जानेवारींत सर्वोच्च न्यायालयास तीं हटविण्याचा आदेश द्यावा लागला. गायरान मुळांत गुरांच्या चराईचें आहे, तें कायमचें शर्यतीस द्यावें असें माझें म्हणणें नाहीं. पण गवत वाळून गेल्यावर वर्षांतून एकदोन दिवस, दगड वेंचून, कडेला कठडे उभारून एक पट्टी तेथें आखतां येईल. ग्रामसभेनें ती जागा एकदां ठरवून द्यावी. दुसरी गोष्ट परवानगी. शेतकऱ्यास त्यासाठीं जिल्ह्याच्या ठिकाणीं हेलपाटे घालावे लागले, तर तो पुन्हां पहांटेचा अंधार पाहील. अर्ज तालुक्यास घेऊन पुढें पाठवावा. तिसरी गोष्ट पशुवैद्य. तो मैदानावर पहिल्या जोडीपासून शेवटच्या जोडीपर्यंत हजर असावा, आणि एखादी जोडी धांवण्यास नालायक ठरविण्याचा त्याचा शब्द अखेरचा असावा. चौथी, पैजेचा जुगार मैदानाबाहेर ठेवावा. कारण पैज जितकी मोठी, तितकी पराणी लांब.

नागर बंधुभगिनींना एकच विनंती आहे. शंकरपट पाहावयास जाल, तर केवळ निकालाकडे लक्ष ठेवूं नका. हांकणाऱ्याच्या हातांकडे आणि बैलाच्या पाठीकडे पाहा. तेथें व्रण दिसला तर पंचांना विचारा. भरल्या मैदानांत, सर्वांच्या देखत हा प्रश्न विचारतां येतो. बंदीच्या काळांत, पहांटेच्या त्या शर्यतींत, तो विचारणारा कोणी नव्हता. मैदान मोकळें असावें असा माझा आग्रह आहे, तो याच कारणासाठीं.