हप्ता कोणाच्या नांवावर?

वाडवडिलांच्या काळीं सरकारी मदत म्हटली कीं 'तगाई' आठवे. १८८३ व १८८४ सालच्या कायद्यांनीं ब्रिटिश मुलखांत तिची रीत बसविली. तगाई हें कर्जच होतें. तें सव्याज फेडावें लागे. २०१९ सालीं सुरू झालेल्या प्रधानमंत्री किसान सन्मान निधीचें स्वरूप निराळें आहे. त्यांत वर्षास ६,००० रुपये, दोन दोन हजारांच्या तीन हप्त्यांनीं, थेट खात्यावर येतात व ते परत करावयाचे नसतात. २०२३ सालीं महाराष्ट्र सरकारनें 'नमो शेतकरी महासन्मान निधि' काढून तितक्याच रकमेची भर घातली. हे झाले एकूण १२,००० रुपये. मोठ्या बागाईतदारास रक्कम अल्प वाटेल. वीस गुंठेवाल्याचा खताचा बराचसा खर्च मात्र तींत निघतो.

परंतु एक गोष्ट आमच्या वाचकांनीं नीट ध्यानांत घ्यावी. हा हप्ता नांगरामागें जात नाहीं, सात-बारामागें जातो.

कोल्हापूरकडील जुनीं घरें एकत्र. पुष्कळ उताऱ्यांवर थोरल्या भावाचें नांव 'ए. कु. मॅ.', म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर, म्हणून लागलेलें असतें. समजा, तीन भाऊ तीन एकर जमीन कसतात व उताऱ्यावर नांव एकट्या थोरल्याचें आहे. तिघांच्या चुली वेगळ्या, घाम तिघांचा. हप्ता मात्र एकालाच. धाकटे म्हणतात, आतां वांटणी करून घेऊं. पण योजनेनें १ फेब्रुवारी २०१९ ही मर्यादा धरली. त्यानंतर खरेदीनें वा वांटणीनें नांव लागलेल्यास लाभ ठेवला नाहीं. खातेदार मयत होऊन वारसानें आलेल्या जमिनीपुरता अपवाद केला. 'पुढें पाहूं' म्हणत ज्यांनीं वांटणी लांबविली, त्यांस ही दिरंगाई अशी भोंवली.

२०१९ व २०२१ सालच्या महापुरांतही हेंच दिसलें. पंचनामा बांधावर होतो. मदत मात्र उताऱ्यावरील नांवाच्या खात्यांत जमा होते.

यास्तव आमच्या चार सूचना आहेत. पहिली, वडील निवर्तल्यावर वारसनोंद तीन महिन्यांच्या आंत तलाठ्याकडे कळवावी. मयताच्या खात्यांत येत राहिलेला हप्ता खर्चूं नये. त्याची वसुली होते. दुसरी, आधारावरील नांव व उताऱ्यावरील नांव ताडून पाहावें. तिसरी, आधार ज्या बँक-खात्यास शेवटीं जोडला असेल, तेथें रक्कम जाते. ती सोसायटीच्या खात्यावर न दिसल्यास इतर खातीं तपासावीं. चौथी, ई-केवायसी पुरी करावी. कष्टानें झिजलेल्या बोटांचे ठसे यंत्र कित्येकदां घेत नाहीं. २०२३ पासून चेहऱ्यावरून ओळख पटविण्याची सोय झाली आहे, तिचा उपयोग करावा.

आणखी एक कडू गोष्ट. आयकर भरणारे, चतुर्थ श्रेणी वगळून सरकारी नोकर, दरमहा १०,००० रुपये वा अधिक निवृत्तिवेतन घेणारे, व्यवसाय करणारे डॉक्टर व वकील यांस ही योजना नाहीं. घरांत अशी व्यक्ति असतां हप्ता उचलला, तर तो परत द्यावा लागतो. पति, पत्नी व अज्ञान मुलें मिळून एक कुटुंब धरतात, म्हणून नवराबायकोनें वेगवेगळा लाभ घेणें हेंही नियमाबाहेर आहे.

राहतां राहिला घरचा न्याय. हप्ता थोरल्याच्या नांवावर आला तरी जमीन तिघांची आहे. सरकारच्या दफ्तरांत नसलेला धाकट्याचा वांटा थोरल्यानें आपल्या हातानें काढून द्यावा. येत्या दसऱ्यास सोनें लुटून झाल्यावर भावांनीं एकत्र बसावें, उतारा मध्यें ठेवावा आणि वडीलधारे हयात आहेत तोंवर नांवांचा निकाल लावावा. बांधावरून उठलेलें भांडण कोर्टांत जिरतें. त्यांत अनेक वर्षांचे हप्ते वाहून जातात.