गोळी, घड्याळ आणि रक्ताचा अहवाल

समजा, जामच्या शाळेतील एका बाईंची अवटु म्हणजे थायरॉइड ग्रंथी मंदावली आहे. डुकराच्या वाळवलेल्या ग्रंथीपासून केलेल्या 'नैसर्गिक' गोळ्या त्यांची मुलगी अमेरिकेहून पाठवते. तपासणीच्या दिवशी बाई सकाळी सातला गोळी घेतात, एस.टी.ने हिंगणघाट गाठतात आणि दहाला रक्त देतात. अहवाल येतो : टी-३ जास्त, टी-४ थोडे कमी, टीएसएच योग्य. आता गोळी जास्त होते आहे की कमी पडते आहे?

कदाचित दोन्ही नाही. दोष घड्याळाचा असू शकेल.

टी-४ च्या रेणूत आयोडीनचे चार अणू असतात, टी-३ मध्ये तीन. टी-४ हा जणू साठा. शरीर गरजेप्रमाणे त्यातला एक अणू काढून टी-३ बनवते आणि पेशींमधले मुख्य काम टी-३ करते. माणसाची ग्रंथी टी-३ च्या सुमारे चौदा पट टी-४ सोडते. डुकराच्या ग्रंथीत मात्र हे प्रमाण चारास एक असते. अशा ६० मिलिग्रॅमच्या गोळीत साधारण ३८ मायक्रोग्रॅम टी-४ आणि ९ मायक्रोग्रॅम टी-३ असते. गोळी नैसर्गिक खरी, पण हे प्रमाण माणसाच्या निसर्गाचे नव्हे.

गोळीतले टी-३ दोन ते चार तासांत रक्तात शिखर गाठते आणि मग ओसरते. बाईंनी नेमके त्याच वेळी रक्त दिले! बाहेरून टी-३ मिळत असल्याने टी-४ थोडे कमी दिसणेही अपेक्षितच होते.

टीएसएच हे मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीचे संप्रेरक. अवटु-संप्रेरके कमी पडली की ते वाढते, जास्त झाली की घटते. पण हे बदल सावकाश होतात. टी-३ चा आकडा म्हणजे एका तासाची हजेरी, तर टीएसएच म्हणजे महिन्याची सरासरी. म्हणून मात्रा ठरवताना मुख्य भर टीएसएचवर असतो.

मात्रा बदलल्यावर सुमारे सहा आठवडे का थांबायचे, हे गणित विद्यार्थ्यांना घालता येईल. टी-४ चा अर्धायुकाल सुमारे सात दिवस. दर आठवड्याला जुन्या पातळीचा प्रभाव निम्मा होतो : १/२, १/४, १/८, १/१६, १/३२. पाच आठवड्यांनी तो जेमतेम तीन टक्के उरतो. त्याआधीची तपासणी म्हणजे अर्धवट शिजलेल्या भाताची चव घेणे.

१८९१ मध्ये इंग्लंडमध्ये जॉर्ज मरे यांनी मेंढीच्या ग्रंथीचा अर्क टोचून रुग्णावर उपचार केले, तेव्हा नाडी, वजन आणि चेहरा हेच त्यांचे मोजमाप होते. यॅलो आणि बर्सन यांच्या किरणोत्सारी मापनपद्धतीमुळे पुढे रक्तातली अत्यल्प संप्रेरके मोजता येऊ लागली. यॅलो यांना १९७७ चे नोबेल मिळाले. मुंबईत परळला, १९६३ मध्ये सुरू झालेल्या भाभा अणुसंशोधन केंद्राच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्येही थायरॉइडवर मोठे काम झाले.

मग बाईंनी काय करावे? रक्त सकाळी, त्या दिवशीची गोळी घेण्याआधी द्यावे. दर खेपेस वेळ तीच ठेवावी आणि डॉक्टरांना गोळीचा प्रकार सांगावा. लोह किंवा कॅल्शियमची गोळी चार तासांच्या अंतराने घ्यावी. बायोटिन चालू असेल तर तेही सांगावे, कारण त्याने काही तपासण्यांचे आकडे चुकतात. गर्भारपणात बाळाच्या मेंदूला आईचे टी-४ लागते. अशा वेळी या गोळ्यांऐवजी शुद्ध थायरॉक्सिन देतात.

एका आकड्यावरून स्वतःच गोळी कमी केली तर थकवा परततो. वाढवली तर हृदयाचे ठोके बिघडतात, हाडे ठिसूळ होतात. आकडा वाचण्याआधी तो कितीच्या ठोक्याला घेतला, हे विचारलेच पाहिजे.