पावसाची वही

सकाळचे साडेनऊ वाजलेत. आझाद मैदानावर एफ डिव्हिजनमधल्या एका क्लबचा कप्तान खेळपट्टीशेजारी उकिडवा बसून माती अंगठ्याने दाबून बघतोय. अंगठा अर्ध्या पेराएवढा आत जातो. तो उठतो, पँटला हात पुसतो आणि आभाळाकडे बघतो. फलंदाजी की गोलंदाजी, याचं उत्तर खेळपट्टीत निम्मंच असतं. उरलेलं निम्मं दुपारी ऊन पडणार का, यावर.

ही कांगा लीग. मुंबईबाहेरच्या माणसाला ती समजावून सांगणं अवघड जातं. क्रिकेटला पाऊस चालत नाही, हे सगळ्या जगाला ठाऊक आहे आणि मुंबईने भर पावसाळ्यातच एक अख्खी स्पर्धा भरवून ठेवलीय, तीही 1948 पासून. डॉ. होरमसजी कांगा हे पारशी क्रिकेटपटू आणि पेशाने डॉक्टर. 1911 साली इंग्लंडला गेलेल्या भारतीय संघात पळवणकर बाळूंबरोबर तेही होते. त्यांच्या स्मरणार्थ ही लीग सुरू झाली आणि त्यात विजय मर्चंट यांचा पुढाकार होता. आपल्या पोरांना ओल्या खेळपट्टीची सवय व्हावी, म्हणजे इंग्लंडमध्ये भंबेरी उडणार नाही, असा त्यामागचा विचार सांगतात. आता कसोटीच्या खेळपट्ट्या पावसात झाकलेल्या असतात. म्हणजे ज्या परीक्षेसाठी हा क्लास काढला ती परीक्षाच बंद झाली, पण क्लास मात्र चालू आहे.

एकूण सात डिव्हिजन, ए ते जी. प्रत्येकीत चौदा संघ. वरचे वर चढतात, तळाचे खाली घसरतात. ए डिव्हिजनच्या गोष्टी सगळ्यांनी ऐकलेल्या असतात: दादर युनियन विरुद्ध शिवाजी पार्क जिमखाना, भारताकडून खेळत असतानाही रविवारी क्लबसाठी हजर होणारे गावसकर आणि वेंगसरकर, जॉन ब्राइट क्लबकडून खेळलेला शाळकरी सचिन. रणजी आणि इतर प्रथम श्रेणी सामन्यांत मिळून 589 बळी घेऊनही ज्यांना कसोटी खेळायला मिळाली नाही, ते पद्माकर शिवलकर याच मैदानांवरचे. त्या गोष्टी सांगणारे पुष्कळ आहेत. मला ओढ एफ आणि जी डिव्हिजनची. तिथे सलामीचा फलंदाज शनिवारी रात्रपाळी करून आलेला असतो आणि यष्टिरक्षकाचे पॅड दोन क्लबांत मिळून एकच असतात.

या क्लबचा स्कोअरर बँकेतून निवृत्त झालेला. पोरं त्यांना नुसतं काका म्हणतात. काका शिसपेन्सिलीने लिहितात, कारण शाई पावसात पळते. वहीला प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीला रबर. यंदाचा हंगाम त्या वहीत असा दिसतो: पहिला रविवार, ‘पाऊस’, पुढे काही नाही. दुसरा रविवार, अकरा षटकं, मग ‘पाऊस’. तिसऱ्या रविवारी पहिल्या डावात सात धावांची आघाडी. चौथ्या रविवारी सगळे बाद 38 आणि हार. पाचवा रविवार आजचा. गुणतक्ता बघायचा आणि पर्जन्यमानाचा तक्ता बघायचा, दोन्हींत फारसा फरक नाही.

38 हा आकडा वाचून हसू नका. आझाद मैदानावर बावीस खेळपट्ट्या आहेत. एका सामन्याचा थर्डमॅन दुसऱ्या सामन्याच्या मिडविकेटला पाठ लावून उभा असतो आणि दोघांच्या पायाखाली घोट्याच्या वर गवत. जमिनीवरून मारलेला देखणा ड्राइव्ह तीस यार्डांवर जाऊन पाण्यात बसतो. चौकार पाहिजे तर चेंडू हवेतून जायला हवा. मुंबईच्या मैदानात आयुष्यभर ‘बॅट सरळ, चेंडू जमिनीवर’ घोकलेला पोरगा पावसाळ्यात आडव्या बॅटने उचलून मारायला शिकतो. माझ्या हिशेबाने कांगातले 30 म्हणजे जानेवारीतले 80, आणि हा हिशेब मी कमीच धरलाय.

नवख्यांना एक गोष्ट कळत नाही. चिंब ओली खेळपट्टी तितकी वाईट नसते. चेंडू सरपटत, संथ येतो, खेळता येतो. खरी फजिती वाळू लागलेल्या खेळपट्टीवर. वरची माती घट्ट होते, आतली ओली राहते, आणि एकाच टप्प्यावरचा एक चेंडू घोट्याशी बसतो तर पुढचा हनुवटीपर्यंत उडतो. म्हणून नाणेफेकीपेक्षा ऊन मोठं. त्यातून फिरकी गोलंदाजाच्या हातात ओला चेंडू साबणासारखा. खिशात फडकं, पायाशी लाकडाचा भुसा, तरी पकड सुटतेच. मग कामाला येतो तो मध्यमगती, साधा, एकाच जागी टाकणारा, ज्याला बाकीचे नऊ महिने कोणी विचारत नाही.

आज नाणेफेक हरले आणि फलंदाजी करावी लागली. 9 धावांत चार बाद. फलंदाज दर दोन चेंडूंनी बुटाच्या तळव्यावर बॅट आपटून चिखल पाडतोय. आठव्या क्रमांकावर आलेल्या मुलाने डोळे मिटल्यासारखी बॅट फिरवली. दोन षटकार, 19 धावा. दुसऱ्या षटकाराचा चेंडू शेजारच्या सामन्याच्या स्लिपमध्ये पडला आणि तिथल्या पंचांनी वैतागून परत फेकला. सगळे बाद 61. तंबूत कोणी नाराज नव्हतं.

जेवणाला वडापाव. तेवढ्यात ऊन पडलं आणि कप्तान घास हातात तसाच धरून खेळपट्टीकडे बघत राहिला. पुढे झाला तसा दीड तास मी फार क्वचित पाहिलाय. मध्यमगतीवाला एका बाजूने टाकत राहिला, शॉर्टलेग इतका जवळ की फलंदाजाची सावली त्याच्या अंगावर. तीन झेल त्याचेच, त्यातला एक छातीवर आपटून हातात आला. समोरचे 52 ला आटोपले. नऊ धावांची आघाडी! दुसरा डाव सुरू झाला आणि सात चेंडूंनंतर सीएसएमटीच्या बाजूने पाऊस आला तो आलाच. माळी आणि सहा खेळाडू ताडपत्री ओढत धावले. खरं तर धावायची गरज नव्हती, सामना संपलाच होता. पण ती सवय जात नाही.

मैदानाला दुसरीही ओझी आहेत. एका टोकाला मोर्चे, उपोषणं, त्यांचे लाउडस्पीकर. खेळपट्टी तयार करणारे माळी पिढ्यान्पिढ्या इथे आहेत, त्यांच्याविषयी कोणी ओळही लिहीत नाही, मीही इथे एवढंच लिहितोय. उपनगरातून येणाऱ्या पोरांच्या लोकलच्या वेळा, रुळांवर पाणी साचलं की नऊच खेळाडूंनी सुरू झालेले डाव, हा तर वेगळाच विषय.

पाच वाजता सगळे तंबूत दाटीने बसले होते. बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबणं चालू होतं. तरी पुढच्या रविवारपर्यंत बूट वाळत नाहीत, हे प्रत्येकाला माहीत असतं. काकांनी 61 आणि 52 खाली रेघ मारली, बाजूला ‘पाऊस, 3.40’ असं लिहिलं आणि वही पिशवीत सरकवली. पुढचा सामना क्रॉस मैदानावर, गुणतक्त्यात पहिल्या असलेल्या क्लबशी. त्यांचा डावखुरा म्हणे चांगला टाकतो. कप्तानाने त्याच्याबद्दल काही विचारलं नाही. त्याने माळ्याला एवढंच विचारलं, की तिकडचं गवत कापलंय का.