बारा यार्डांवरचा निकाल

श्रोतेहो, गावच्या जत्रेत कबड्डीचा अंतिम सामना चालू आहे असे समजा. वेळ संपली आणि दोन्ही बाजूंचे गुण सारखेच! ढाल तर एकच. मग पंच दोन्ही संघांना पाच-पाच चढाया देतात आणि त्यांवर निकाल लावतात. फुटबॉलमध्येही ही अडचण येते. तिच्यावर जो तोडगा काढला आहे, त्याला ‘पेनल्टी शूटआऊट’ म्हणतात. हा तोडगा काय आहे, आणि त्याने लागलेल्या निकालाला किती किंमत द्यावी, हे आज एका खऱ्या सामन्यावरून पाहू. सामना इंग्लंडातला आहे. तारीख 25 मे 1998, ठिकाण लंडनचे वेम्बली मैदान.

तेथल्या फुटबॉलची रचना शाळेच्या इयत्तांसारखी आहे. वर्षभर संघ आपापल्या वर्गात एकमेकांशी खेळतात. वर्षअखेर वरचे काही संघ वरच्या वर्गात चढतात आणि तळचे काही खाली येतात. सर्वांत वरचा वर्ग म्हणजे प्रीमियर लीग. 1998 साली तिच्या खालच्या वर्गाला ‘पहिली डिव्हिजन’ म्हणत. नाव पहिली, पण पायरी दुसरी! त्यात 24 संघ होते. प्रत्येकाने 46 सामने खेळायचे. पहिले दोन संघ सरळ वर जात. तिसऱ्या ते सहाव्या क्रमांकाच्या चौघांची मात्र पुन्हा परीक्षा. त्यांच्यात उपांत्य सामने, मग एक अंतिम सामना, आणि तो जिंकणारा एकच संघ वर. या फेरीला ‘प्ले-ऑफ’ म्हणतात. इंग्लंडात ही पद्धत 1987 सालापासून सुरू झाली.

त्या वर्षी संडरलँडचा संघ 90 गुण मिळवून तिसरा आला. दुसऱ्या क्रमांकाच्या मिडल्सब्रोचे गुण होते 91. म्हणजे अवघ्या एका गुणाने त्यांची सरळ बढती हुकली. चौथा संघ लंडनचा चार्लटन, त्याचे 88. अंतिम सामना या दोघांत झाला.

आता आपण म्हणाल, एका खेळाचे एवढे काय? तर या दोन गावांचे ऐका. संडरलँड हे इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरचे गाव. जहाजे बांधणे आणि कोळसा काढणे, यांवर पिढ्यान् पिढ्या पोसलेले. 1988 साली जहाजांचे शेवटचे कारखाने मिटले. 1993 साली वेअरमथची कोळशाची खाणही बंद पडली. त्या खाणीच्याच जागेवर 1997 साली फुटबॉलचे नवे मैदान उभे राहिले. खाणकामगारांच्या दिव्याची आठवण म्हणून त्याला ‘प्रकाशाचे मैदान’ असे नाव दिले. गावाचे काम गेले, पण शनिवारी एकत्र जमायची जागा तरी उरली.

चार्लटनची तऱ्हा निराळी. 1985 साली या संघाला आपले ‘व्हॅली’ नावाचे जुने मैदान सोडावे लागले आणि दुसऱ्यांच्या मैदानांवर बिऱ्हाड करावे लागले. मैदान परत मिळावे म्हणून चाहत्यांनी 1990 साली स्थानिक निवडणुकीत चक्क आपला पक्ष उभा केला आणि हजारो मते मिळविली. 1992 च्या डिसेंबरात संघ घरी परतला. तेव्हा दोन्हीकडे पणाला लागले होते ते केवळ अकरा माणसांचे यश नव्हे. शिवाय प्रीमियर लीगमध्ये गेलेल्या संघाला दूरचित्रवाणीच्या हक्कांतून मोठा वाटा मिळतो, ही गोष्ट वेगळीच.

सामना पाहायला 77,739 माणसे जमली होती. 23 व्या मिनिटाला चार्लटनच्या क्लाइव्ह मेंडोंकाने पहिला गोल केला. मौज पाहा, हा मेंडोंका संडरलँडमध्येच लहानाचा मोठा झालेला आणि त्या संघाचा लहानपणापासूनचा भक्त! मध्यंतरानंतर क्विन आणि फिलिप्स यांनी गोल करून संडरलँडला पुढे नेले. मेंडोंकाने बरोबरी केली. क्विनने पुन्हा आघाडी दिली. वेळ संपत आली असता, 85 व्या मिनिटाला, चार्लटनचा बचावपटू रिचर्ड रूफस याने डोक्याने चेंडू जाळ्यात घातला. संघासाठी त्याने केलेला हा पहिलाच गोल. 3–3! मग अर्ध्या तासाचा जादा वेळ. त्यात समरबीने संडरलँडला पुढे नेले, आणि चारच मिनिटांनी मेंडोंकाने आपला तिसरा गोल केला. 4–4. दोन तास झाले, आठ गोल झाले, तरी निकाल नाही.

आता करावयाचे काय? पूर्वी अशा वेळी सामना पुन्हा खेळत, नाहीतर नाणे उडवीत. 1968 साली युरोपच्या स्पर्धेत इटली आणि सोव्हिएत रशिया यांचा उपांत्य सामना नाण्यावरच सुटला. इतके खेळून शेवटी छापा की काटा! हे कुणालाच रुचेना. म्हणून 1970 साली पेनल्टीचा तोडगा नियमांत आला.

तो असा. गोलरेषेपासून 12 यार्डांवर, म्हणजे सुमारे 11 मीटरवर, चेंडू ठेवतात. समोर 8 यार्ड रुंद आणि 8 फूट उंच गोल, आणि त्यात एकटा गोलरक्षक. चेंडूला पाय लागेपर्यंत त्याने रेषेच्या पुढे यायचे नाही. दोन्ही संघांचे पाच-पाच गडी आळीपाळीने येतात. तेवढ्यानेही बरोबरी राहिली, तर एकेक जोडी पुढे येते. एकाने गोल केला आणि दुसऱ्याचा हुकला, की खेळ संपला.

शिक्षक बंधुभगिनींनो, येथे वर्गात करण्याजोगे गणित आहे. चेंडू ताशी 100 किलोमीटर वेगाने मारला, तर 11 मीटर अंतर जायला त्याला सेकंदाचे चार दशांशच लागतात. तेवढ्यात पाहून, ठरवून, झेप घ्यायची म्हणजे कठीणच. म्हणून गोलरक्षक बहुधा अंदाजानेच एका बाजूला झेपावतो. सामान्यतः चारांपैकी तीन पेनल्टी सफल होतात असे धरू. मग ओळीने तेरा सफल होण्याचा संभव किती? तीनचतुर्थांशाला तीनचतुर्थांशाने गुणत जा. तेरा वेळा धरल्यावर उत्तर शंभरांत दोन-तीन एवढेच येते.

आणि वेम्बलीवर त्या दिवशी नेमके तेच घडले. पाच-पाच झाले, एकही हुकला नाही. सहावी जोडी आली, तीही सफल. चार्लटनच्या सातव्या गड्याने, न्यूटनने, गोल केला. तेरा झाले. चौदावा मायकेल ग्रे. हा संडरलँडचाच पोर, आपल्याच गावच्या संघातून खेळणारा, आणि बचावफळीतला. गोल करणे हे त्याचे नेहमीचे काम नव्हे. त्याचा फटका जरा दुबळा गेला आणि गोलरक्षक साशा इलिचने तो अडविला. चार्लटन 7, संडरलँड 6. चार्लटन वर गेले. संडरलँड तेथेच राहिले.

तर मग ग्रे याच्यामुळे संघ हरला का? आपण म्हणू, ‘हो, त्यानेच तर चुकविला!’ पण जरा हिशेब मांडा. वर्षभरातल्या 46 सामन्यांत एक गुण कमी पडला, तो काही एकट्या ग्रेचा नव्हे. तीनदा मिळालेली आघाडी टिकली नाही, तीही अकरा जणांची गोष्ट. शूटआऊटची रचनाच अशी आहे की कुणाचा तरी फटका शेवटी हुकलाच पाहिजे, त्याशिवाय सामना संपतच नाही. हा नियम कोण वर जाणार एवढेच ठरवितो. कोण चांगला, कोण नालायक, हे तो ठरवीत नाही.

पुढच्या वर्षाने त्याची साक्ष दिली. 1999 साली संडरलँड 105 गुणांसह आपल्या वर्गात पहिले आले आणि थाटात वर गेले. त्याच 1999 साली ग्रे इंग्लंडच्या राष्ट्रीय संघातून खेळला. जिंकलेले चार्लटन मात्र त्याच वर्षी खाली आले. पण तेही खचले नाहीत. 2000 साली पहिले येऊन पुन्हा वर चढले आणि 2007 पर्यंत तेथे टिकले. म्हणजे त्या चौदाव्या फटक्याने कुणाचे कायमचे बुडाले नाही की कुणाचे कायमचे साधले नाही.

श्रोतेहो, आपल्या शाळेच्या मैदानावरही एखादा पोरगा शेवटची चढाई फसून परत येतो, एखादी मुलगी खो-खोत अखेरच्या क्षणी बाद होते. घरी जाताना सारा गाव तिच्याकडे बोट दाखवितो. त्या वेळी गुरुजींनी, बाईंनी दोन शब्द बोलावेत. तिची पाळी आली तेव्हा ती मागे सरली नाही, एवढे तरी सर्वांसमोर सांगावे. आणि पुढच्या सामन्यात तिलाच पुन्हा उतरवावे.