मलय देशचें खाणें आणि आपली कोंकणपट्टी

मनुष्य परमुलखीं राहावयास गेला म्हणजे त्यास पहिली अडचण जिव्हेची पडते, असें म्हणतात. तें खरें आहे; मात्र ती अडचण बोलण्याची नसून खाण्याची असते. भाषेवांचून खाणाखुणांनीं चार दिवस निभावतां येतात, परंतु दिवेलागणीस भूक लागली म्हणजे घरचा उकड्या तांदुळाचा भात, कुळथाची पिठी आणि वाटीभर सोलकढी यांची जी आठवण होते, ती खुणेनें भागत नाहीं. रत्नागिरी जिल्ह्यास हें दुःख नवें नाहीं. एके काळीं येथील कित्येक घरांतील कर्ता पुरुष मुंबईच्या गिरणींत राबत असे व गिरणगांवांतील खाणावळींत जेवत असे. आतां तोच प्रवास लांबला आहे. आमच्या शाळेंतून शिकून गेलेले कांहीं विद्यार्थी नोकरीनिमित्त सिंगापूर, क्वालालुंपूर, पिनांग अशा ठिकाणीं राहतात. त्यांच्या पत्रांतून एक तक्रार वारंवार येते: येथें सर्व कांहीं आहे, पण खावयास मात्र कांहीं नाहीं.

ही तक्रार खरी नाहीं, एवढेंच या लेखांत दाखवावयाचें आहे. मलाक्का व पिनांग या शहरीं कांहीं आठवडे राहण्याचा योग आम्हांस आला होता. तेथील रस्त्यावर जें खाल्लें व पाहिलें, त्यावरून आमची अशी खात्री झाली कीं, रत्नागिरीच्या मुलास त्या देशांत उपाशी राहण्याचें कारण नाहीं. इतकेंच नव्हे, तर तेथील पानावर त्यास स्वतःचें अर्धें घर सांपडेल.

मलय द्वीपकल्पाच्या दक्षिण भागांत मलेशिया देशाचा पश्चिमेकडील प्रदेश येतो व त्याच्या टोकाशीं सिंगापूरचें बेट आहे. रत्नागिरी विषुववृत्ताच्या उत्तरेस सुमारें १७ अंशांवर आहे, तर मलाक्का अवघ्या दोन अंशांवर. आपल्याकडे पाऊस चार महिने कोसळून थांबतो. तेथें तो बाराही महिने थोडाबहुत पडतच असतो. परंतु समुद्र, माड, भात आणि दमट हवा हीं चार दोन्ही किनाऱ्यांस सारखींच लाभलेलीं आहेत. जमीन व समुद्र जें देतात तेंच शेवटीं चुलीवर चढतें. म्हणून दोन्हीकडील स्वयंपाक एकमेकांस न भेटतांही एकमेकांसारखे झाले आहेत.

तेथील सकाळच्या न्याहारीचाच पदार्थ घ्या. त्यास 'नासी लेमाक' म्हणतात. 'नासी' म्हणजे भात. तो नारळाच्या दुधांत शिजवितात, व शिजतांना त्यांत 'पांदान' नांवाच्या झाडाचें हिरवें पान गांठ मारून टाकतात. हें झाड आपल्या केवड्याच्या कुळांतील आहे. परंतु त्याच्या पानास जो गंध येतो तो सुवासिक तांदुळाचा. रसायनशास्त्रज्ञांनीं शोधून काढलें आहे कीं, बासमती तांदुळास व पांदानच्या पानास एकाच द्रव्यामुळें हा वास येतो. या भाताबरोबर तळलेली बारीक सुकी मासळी, भाजलेले भुईमुगाचे दाणे, काकडीच्या चकत्या, उकडलेलें अंडें आणि 'सांबाल' ही लाल मिरचीची चटणी देतात. आणि हें सर्व केळीच्या पानांत बांधून हातीं ठेवतात.

सांबाल पुष्कळदां 'बेलाचान' घालून वाटलेली असते. बेलाचान म्हणजे काय, हें रत्नागिरीकरांस समजावून सांगणें फारसें कठीण नाहीं. ज्यास आपण जवळा म्हणतों, त्याच जातीची बारीक कोळंबी मीठ घालून कुटतात, आंबवितात, उन्हांत वाळवितात आणि तिच्या वड्या पाडतात. तिचा वास उग्र असतो व नवखा प्रवासी नाकास रुमाल लावतो. ज्याचें नाक मिरकरवाड्याच्या बंदरावर तयार झालें आहे, त्यानें मात्र रुमाल काढण्याची घाई करूं नये.

पिनांगमधील 'आसाम लाक्सा' हा पदार्थ तर आम्हांस ओळखीचाच वाटला. तांदुळाच्या जाड शेवया एका वाडग्यांत घालून त्यांवर माशाची आंबट, तिखट आमटी ओततात. मासा बहुधा बांगडाच असतो. तिकडे त्यास 'केंबुंग' म्हणतात. आमटीस आंबटपणा येतो तो चिंचेनें व 'आसाम गेलुगुर' नांवाच्या वाळविलेल्या फळाच्या चकत्यांनीं. वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकांत पाहिलें तर हें फळ गार्सिनिया वंशांतील असल्याचें आढळतें, आणि आपला रातांबाही त्याच वंशांतला. मलय देशाचें प्रसिद्ध फळ मांगुस्तान हेंही त्यांचेंच भावंड. आपण आमसूल घालून बांगड्याचें तिखलें करतों. त्यांनीं गेलुगुर घालून लाक्सा केला. दोन घरच्या सुगरणींनीं एकच युक्ति योजिली, एवढाच याचा अर्थ.

सर्वच पदार्थ आपल्यासारखे आहेत असें मात्र नाहीं, व तसे ते असावेत अशी अपेक्षाही करूं नये. 'साते' म्हणजे मांसाचे मसाला लावलेले तुकडे बारीक काडीस टोंचून निखाऱ्यावर भाजतात, आणि शेंगदाण्यांच्या दाट, गोडसर रसांत बुडवून खातात. त्यासोबत माडाच्या कोंवळ्या पात्यांच्या विणलेल्या पुडींत शिजविलेला घट्ट भात असतो. त्यास 'केतुपात' म्हणतात. असें कांहीं आपल्याकडे नाहीं. जें आपल्याकडे नाहीं तें पाहण्यासाठींच मनुष्य घर सोडतो.

आतां मिठाईकडे वळूं. मलय लोक लहान गोड व तिखटमिठाच्या खाऊस 'कुइह' असें सामान्य नांव देतात. त्यांतील बहुतेक गोड प्रकार तीन वस्तूंवर उभे आहेत: तांदूळ, नारळ आणि 'गुला मेलाका', म्हणजे माडाच्या रसाचा गूळ. आपल्याकडे भंडारी बंधू जशी पोय छेदून माडी काढतात, तसाच तेथें गोडा रस काढून आटवितात व बांबूच्या नळकांड्यांत ओतून त्याचे तपकिरी ठोकळे पाडतात. 'ओंदे-ओंदे' नांवाचा एक खाऊ आहे. चिकट तांदुळाच्या पिठाच्या लहान गोळींत या गुळाचा खडा भरून ती पाण्यांत उकळतात व ओल्या खोबऱ्याच्या किसांत घोळवितात. दांताखालीं गोळी फुटली कीं पातळ झालेला गूळ तोंडांत पसरतो. आपल्या उकडीच्या मोदकांत खोबरें आंत असतें, यांत तें बाहेर. बाकी कुळी एकच. 'केतायाप' म्हणजे पांदानच्या रसानें हिरवा केलेला पातळ घावन. त्यांत गुळखोबऱ्याचें सारण घालून त्याची गुंडाळी करतात. हळदीच्या पानांत उकडलेली पातोळी ज्यानें खाल्ली आहे, त्यास हें सारण परकें लागणार नाहीं. 'पुतू मायाम' तर आपल्या शिरवळ्यांची सख्खी बहीण शोभते: तांदुळाच्या पिठाच्या वाफविलेल्या शेवया, वर किसलेला नारळ आणि साखर किंवा गूळ. दुपारच्या उन्हांत 'चेंदोल' मिळतो. हिरव्या पिठाच्या लहान लहान शेवया, नारळाचें दूध, माडाच्या गुळाचा पाक आणि वर बर्फाचा चुरा. आपल्या रसांतल्या शिरवळ्या थंड करून कोणीं पेल्यांत घातल्या, असें म्हटलें तरी चालेल.

हीं साम्यें हवापाण्यामुळें झालीं असें म्हणतां येईल. परंतु एका मिठाईची गोष्ट निराळी आहे. ती मिठाई म्हणजे 'दोदोल'. चिकट तांदुळाचें पीठ, नारळाचें दूध व माडाचा गूळ मोठ्या कढईंत घालून मंद आंचेवर कित्येक तास सतत ढवळतात. हात थांबला कीं खालीं लागतें. शेवटीं तें काळसर, तकतकीत व तेल सुटलेलें होतें आणि त्याच्या वड्या कापतात. मलय घरांत हें काम ईदेच्या आधीं शेजारीपाजारी मिळून करतात. आतां गोंव्यांत नाताळाच्या दिवसांत ख्रिस्ती घरीं काय शिजतें तें पाहा. तांदुळाचें पीठ, नारळाचा रस, माडाचा काळा गूळ, वर काजूचे तुकडे. आणि नांवही तेंच, दोदोल. पोर्तुगीजांनीं १५१० सालीं गोवा घेतला व १५११ सालीं मलाक्का घेतलें. १६४१ सालीं डचांनीं मलाक्का जिंकून घेईपर्यंत, म्हणजे १३० वर्षें, हीं दोन्ही बंदरें एकाच सत्तेखालीं होतीं व त्यांच्यामध्यें जहाजें येत जात होतीं. दोदोल याच वाटेनें आपल्या किनाऱ्यास लागला असावा, असें मानण्यास जागा आहे. जी मिरची सांबालमध्यें आहे व मालवणी मसाल्यांतही आहे, ती मूळची अमेरिकेंतील. १५०० सालापूर्वीं ती दोन्हीं किनाऱ्यांस ठाऊक नव्हती. शुद्ध घरचें म्हणून आपण ज्याचा अभिमान बाळगतों, तें कधीं काळीं कोणीतरी परदेशीं चाखून पाहिलेलें असतें.

उलट दिशेनेंही कांहीं गेलें आहे. मलय भाषेंत साखरेस 'गुला' म्हणतात. हा संस्कृतांतील 'गुड'. चवीस 'रासा', मधास 'मादु', उपासास 'पुआसा'. रस, मधु व उपवास हे आपले शब्द शेंकडों वर्षांपूर्वीं तेथें गेले आणि तिकडचेच होऊन राहिले.

येथें एक गोष्ट विशेष ध्यानांत घेण्यासारखी आहे. त्या देशच्या रस्त्यावरचीं पुष्कळशीं खाद्यें घर सोडून आलेल्या माणसांनींच निर्माण केलीं आहेत. पिनांगचा 'नासी कांदार' प्रसिद्ध आहे. 'कांदार' म्हणजे खांद्यावरची कावड. तामीळ मुसलमान फेरीवाले कावडीच्या एका टोंकास भाताचें व दुसऱ्या टोंकास कालवणाचें भांडें टांगून बंदरावरील मजुरांस जेवूं घालीत. त्यावरून हें नांव पडलें. त्यांच्याच वंशजांच्या दुकानांत आज पापुद्र्यांची 'रोती चानाई' व एका भांड्यांतून दुसऱ्यांत उंचावरून ओतून फेसाळलेला चहा मिळतो. या दुकानदारांस 'मामाक' म्हणतात, आणि हा शब्द तामीळमधील 'मामा' यापासून आला आहे. चिनी आले, त्यांनीं आपल्या शेवया आणिल्या. अशा रीतीनें परक्यांनीं परक्यांसाठीं रांधलेलें अन्न त्या देशाचें भूषण ठरलें. सिंगापूरच्या फेरीवाल्यांच्या या खाद्यसंस्कृतीस २०२० सालीं युनेस्कोनें मानवजातीच्या वारशांत स्थान दिलें.

व्यवहाराच्या दोन गोष्टीही सांगितल्या पाहिजेत. नवें खावें म्हणजे आपला नेम मोडावा असें नव्हे. ज्यास जें वर्ज्य आहे तें त्यानें खुशाल वर्ज्य ठेवावें. मात्र विचारण्यास लाजूं नये. 'इकान' म्हणजे मासा, 'उदांग' कोळंबी, 'आयाम' कोंबडी, 'लेंबू' गाय, 'बाबी' डुक्कर, 'तेलुर' अंडें, 'सायुर' भाजी, एवढे शब्द पाठ असले म्हणजे पुरे. शाकाहारी मनुष्यानें भाजीच्या पदार्थांतही बेलाचान आहे कीं काय, हें विचारून घ्यावें. जेथें गर्दी आहे व पदार्थ डोळ्यांसमोर कढत निघतो, तेथें खावें. उघडें व निवलेलें टाळावें.

हा सर्व विषय केवळ जिव्हालौल्याचा आहे, असें कोणास वाटेल. तसें वाटणाऱ्यांस आम्ही दोन गोष्टींची आठवण देतों. १८९० सालीं पुण्याच्या पंचहौद मिशनमध्यें व्याख्यानानंतर पाहुण्यांस चहा व बिस्किटें देण्यांत आलीं. पुढें हजर असलेल्यांचीं नांवें वर्तमानपत्रांत छापलीं गेलीं. त्यांत न्यायमूर्ति रानडे व रत्नागिरींत जन्मलेले लोकमान्य टिळक हेही होते. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलें व एका पेल्यासाठीं कित्येकांस प्रायश्चित्त घ्यावें लागलें. १९३३ सालीं याच रत्नागिरींत सर्व जातींच्या हिंदूंनीं एके ठिकाणीं बसून खावें म्हणून 'अखिल हिंदु' अशी पाटी लावून उपाहारगृह उघडावें लागलें. कोणाच्या हातचें खावें आणि कोणाच्या हातचें खाऊं नये, या प्रश्नानें आपल्या समाजांत किती भिंती उभ्या केल्या, हें मुलांनीं विसरूं नये. परक्याचें अन्न आनंदानें घेणें म्हणजे त्यास आपल्या बरोबरीचा मानणें होय.

आणि यासाठीं समुद्र ओलांडण्याचीही गरज नाहीं. आज आपल्या आंब्याच्या बागांतून राखण व मेहनत करण्यास नेपाळांतून माणसें येतात. मासेमारीच्या नौकांवरही तीं आढळतात. घरापासून तीं तितकींच दूर आहेत, जितका आपला मुलगा पिनांगमध्यें दूर आहे. सायंकाळीं बागेच्या कडेस त्यांची चूल पेटते. त्या चुलीवर काय शिजतें, हें आपल्यापैकीं कितीजणांनीं कधीं विचारलें आहे? परदेशीं जाण्याची तयारी ज्यास करावयाची असेल, त्यानें तेथून आरंभ करावा.