मुलांचे नेतृत्व : जबाबदारी टप्प्याटप्प्याने कशी सोपवावी?

महाविद्यालयात प्रवेश घेणारे अनेक विद्यार्थी परीक्षेत चांगले गुण मिळवितात. परंतु दहा सहकाऱ्यांची बैठक घेणे, कामे वाटून देणे, मतभेद मिटविणे अशी वेळ आली की गोंधळतात. त्यांच्यात क्षमता नसते असे नव्हे. शालेय वयात हे काम त्यांच्याकडे कोणी सोपविलेलेच नसते. नेतृत्व व्याख्यानाने शिकविता येत नाही. जबाबदारी पार पाडता पाडताच ते अंगी येते. ही जबाबदारी वयानुरूप कशी वाढवीत न्यावी, याचे शंभर वर्षांहून अधिक काळ टिकलेले उदाहरण म्हणजे स्काऊट चळवळीतील संघपद्धती.

पद्धतीचा उगम

दक्षिण आफ्रिकेतील मेफकिंगच्या वेढ्यात (१८९९-१९००) निरोप पोहोचविण्याची व इतर दुय्यम कामे स्थानिक मुलांच्या पथकाने केली. विश्वास टाकला तर मुले जबाबदारीने वागतात, हे बेडन-पॉवेल यांनी तेथे पाहिले. ऑगस्ट १९०७ मध्ये त्यांनी इंग्लंडमधील ब्राउनसी बेटावर सुमारे २० मुलांचे शिबिर घेतले. मुलांचे ४ संघ केले आणि प्रत्येक संघाची शिस्त त्यातल्याच एका मुलाकडे, म्हणजे संघनायकाकडे, सोपविली.

जबाबदारीच्या पायऱ्या

भारतात ७ नोव्हेंबर १९५० रोजी स्थापन झालेल्या भारत स्काऊट्स अँड गाईड्स या संस्थेत वयानुसार कब-बुलबुल, स्काऊट-गाईड आणि रोव्हर-रेंजर असे विभाग आहेत. सर्वांत लहान मुलांच्या तुकडीचा नायक मोजकी कामे करतो आणि मोठी माणसे जवळच असतात. स्काऊट वयात ६ ते ८ मुलांचा संघ होतो. संघनायकाच्या जोडीला सहनायक असतो. साहित्य, हिशेब, स्वयंपाक, प्रथमोपचार ही कामे इतरांमध्ये वाटली जातात. संघनायक एकत्र बसून कार्यक्रम ठरवितात व शिक्षक सल्लागार असतो. रोव्हर-रेंजर वयात तरुण स्वतःच्या सेवाकार्याची आखणी बऱ्याच अंशी स्वतः करतात. मुलांचा अनुभव वाढतो तसा शिक्षकाचा हात मागे सरतो.

संशोधनाचा आधार

अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात कुर्ट लेविन, रोनाल्ड लिपिट व राल्फ व्हाइट यांनी दहा-अकरा वर्षांच्या मुलांच्या छोट्या मंडळांवर प्रयोग केले. त्यांचे निष्कर्ष १९३९ मध्ये प्रसिद्ध झाले. हुकूमशाही पद्धतीच्या मंडळात प्रौढ नेता खोलीबाहेर गेला की काम मंदावे. लोकशाही पद्धतीच्या मंडळात तो नसतानाही काम बऱ्यापैकी चालू राही. मुलांना पूर्णपणे मोकळे सोडलेल्या मंडळात मात्र कामही कमी झाले आणि त्याचा दर्जाही घसरला. यावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात : सारे स्वतःच्या हाती ठेवणे जितके घातक, तितकेच सारे एकदम सोडून देणेही घातक.

टाळावयाच्या चुका

पहिली चूक नामधारी पदाची. मुलाला ‘प्रतिनिधी’ म्हणावयाचे आणि निर्णय शिक्षकांनीच घ्यावयाचे. रॉजर हार्ट यांनी १९९२ मध्ये युनिसेफसाठी मांडलेल्या सहभागाच्या ८ पायऱ्यांच्या शिडीत अशा दिखाऊपणाला खऱ्या सहभागात स्थानच नाही. दुसरी चूक म्हणजे दरवर्षी त्याच चुणचुणीत मुलाला निवडणे. संधी कोणाला, हा प्रश्न या चळवळीच्या इतिहासातही आहे. १९०९ मध्ये बंगळूर येथे सुरू झालेले पथक भारतीय मुलांसाठी नव्हते. त्यामुळे १९१६ मध्ये अॅनी बेझंट यांनी मद्रास येथे भारतीय मुलांसाठी स्वतंत्र संघटना उभी केली. आज वर्गातील अबोल मुले आणि घरकामामुळे थांबू न शकणाऱ्या मुली नकळत अशाच बाहेर राहतात. तिसरी चूक म्हणजे काम जरा बिघडताच ते परत काढून घेणे.

प्रत्यक्ष अवलंब

राष्ट्रीय सेवा योजना, वाचनालय समिती, भित्तिपत्रक किंवा वस्तीतील बालमंडळ येथे ही पद्धत सहज आणता येते. एखाद्या सहलीचे उदाहरण घेऊ. पहिल्या वर्षी विद्यार्थ्याकडे केवळ हजेरी व पाण्याची व्यवस्था द्यावी. दुसऱ्या वर्षी गाडीची चौकशी व खर्चाचा अंदाज त्याने करावा, शिक्षकांनी तपासावा. तिसऱ्या वर्षी सहलीची संपूर्ण आखणी त्याने करावी आणि आधीच्या दोन पायऱ्यांवरची कामे धाकट्यांना शिकवावीत. प्रत्येक कामानंतर काय जमले, काय राहिले याची चर्चा अवश्य व्हावी. कागद विसरले, जेवणाला उशीर झाला, असे नुकसान सोसण्याजोगे असते. त्यातूनच शिक्षण घडते. सुरक्षितता, पैशांची अंतिम जबाबदारी आणि गैरवर्तनाच्या तक्रारी मात्र कोणत्याही टप्प्यावर मुलांवर टाकू नयेत.

शिक्षक रजेवर असतानाही मंडळाची बैठक वेळेवर झाली आणि तिचे इतिवृत्त लिहिले गेले, तर जबाबदारी खऱ्या अर्थाने सोपविली गेली, असे समजावे.