आधी घड्याळ, मग गुलाबी रंग

डोहाळजेवण ठरलं की हल्ली पहिली चर्चा होते ती थीमची. गुलाबी की जांभळी, फिकी की सोनेरी? एकदा रंग ठरला की त्या रंगाची फुलं, त्या रंगाचा केक, काचेच्या बरण्यांत त्याच रंगाची चॉकलेटं आणि मागे फुग्यांची कमान, अशी यादी भराभर तयार होते. घरच्या दिवाणखान्यात फुलांनी सजलेलं गोडाचं टेबल मांडायची हौस आता तालुक्याच्या गावांतही पोचली आहे, आणि त्या हौसेविषयी कुरकुर करायचं कारण नाही. सातव्या किंवा नवव्या महिन्यात फुलांची वाडी भरायची, होणाऱ्या आईला झोपाळ्यावर नाहीतर पुठ्ठ्याच्या चंद्रकोरीवर बसवायचं, हे आपल्याकडे जुनंच आहे. चुकतो तो क्रम. रंगापासून सुरुवात केली की फुलं बेमोसमी शोधावी लागतात, ती महाग पडतात, ऐन वेळी मान टाकतात आणि केकवरचं क्रीम ओटी भरून होईपर्यंत ओघळायला लागतं. अशा समारंभाची आखणी आधी महिन्यावरून, मग घड्याळावरून करावी आणि रंग शेवटी, जे हाती आलं त्यातून निवडावा, असं माझं म्हणणं आहे.

महिना आपल्या हातात नसतो, हे खरं. म्हणूनच फुलांची निवड त्याच्यावर सोडलेली बरी. मार्चपासून जूनपर्यंत मोगऱ्याचे दिवस असतात. पालघर जिल्ह्यातल्या जव्हार-विक्रमगडकडच्या आणि वसईच्या वाड्यांमधल्या कळ्या तेव्हा मुंबईच्या बाजारात भरपूर असतात. पावसाळ्यात जाई, जुई, अनंत आणि सोनचाफा. थंडीत शेवंती. शेवंतीचं गणित रात्रीच्या लांबीवर चालतं. रात्र पुरेशी मोठी झाली की झाड कळ्या धरतं, त्यामुळे ती मुळात दसरा-दिवाळीच्या सुमारापासून पुढे फुलणारी. पॉलिहाउसमध्ये रोपांवर काळं कापड ओढून ही मोठी रात्र उन्हाळ्यातही घडवता येते, पण त्या खटाटोपाचा खर्च शेवटी आपणच भरतो. डच गुलाब, जरबेरा आणि कार्नेशन ही मावळातल्या पॉलिहाउसमधली फुलं बारा महिने मिळतात. मात्र फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात चांगला गुलाब व्हॅलेंटाइन डेसाठी परदेशी जातो आणि लग्नसराईत मंडपवाले तो उचलतात, तेव्हा भाव चढलेलेच असतात. बाजारात जाताना आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. डच गुलाब वीस नगांच्या गड्डीने, जरबेरा दहाच्या गड्डीने मिळतो, तर शेवंती, झेंडू आणि मोगरा किलोवर. किलोवरची फुलं पसरायला, ओवायला, परडीत आणि घंगाळात भरायला. काडीची फुलं उभी करायला. सगळी सजावट काडीच्या फुलांची करायला गेलं की पैसे जातात आणि टेबल तरीही उघडंबोडकं दिसतं.

मग घड्याळ. मोगऱ्याची कळी सकाळी लवकर, मिटलेली असतानाच खुडतात. ती उमलते संध्याकाळी आणि तिचा घमघमाट असतो तोही तेव्हाच. सकाळी अकराच्या समारंभात तोच गजरा पांढरा दिसेल, पण वासाच्या नावाने जवळजवळ शांतता. गुलछडीचंही तसंच, दिवस कलल्यावर ती जास्त दरवळते. जास्वंदीचा प्रकार उलटा, सकाळी फुललेली संध्याकाळी मिटायला लागते. म्हणजे समारंभ चारनंतर असेल तर मोगरा आणि गुलछडी घ्यावी, सकाळी असेल तर गुलाब, शेवंती किंवा सोनचाफा. बाजूबंद, कंबरपट्टा, मुकुट असे वाडीचे दागिने आदल्या रात्री करायचे असतील तर ते कळ्यांचे करावेत, तारेऐवजी दोऱ्यात ओवावेत आणि ओलसर फडक्यात किंवा केळीच्या पानात गुंडाळून ठेवावेत. फ्रिजमध्ये ठेवायचे तर आधी त्यातले आंबे, केळी आणि सफरचंदं बाहेर काढावीत. पिकणारं फळ इथिलीन नावाचा वायू सोडतं आणि त्याने फुलं लवकर म्हातारी होतात. कार्नेशन याबाबतीत फारच हळवं, पाकळ्या आत वळवून झोपी गेल्यासारखं दिसतं. ओटीच्या फळांशेजारी मोकळ्या खोलीत तासभर फुलं राहिली तर काही बिघडत नाही. बंद फ्रिजमध्ये रात्रभर राहिली तर बिघडतं. काडीच्या फुलांना आदल्या संध्याकाळपासून पाणी पिऊ द्यावं. देठ तिरका कापावा, पाण्यात बुडणारी पानं काढून टाकावीत आणि बादली सावलीत ठेवावी. जरबेऱ्याला मात्र चार बोटंच पाणी, कारण त्याचा लवदार देठ खोल पाण्यात कुजतो आणि मान वाकते.

गोडाच्या बाबतीत घड्याळ आणखी कडक आहे. लोणी ३२ ते ३५ अंशांच्या आसपास वितळतं, आणि एप्रिल-मेमध्ये मुंबईत पंख्याखालची खोली त्याच्या काठावरच असते. विदर्भ-मराठवाड्याचं तर बोलायलाच नको. वितळलेलं क्रीम नुसतं वाईट दिसतं, पण दुधाच्या, क्रीमच्या आणि अंड्याच्या पदार्थांत त्याहून मोठी अडचण असते. साधारण ५ ते ६० अंशांच्या पट्ट्यात जिवाणू झपाट्याने वाढतात. असे पदार्थ दोन तासांहून जास्त बाहेर ठेवू नयेत, आणि खोलीचं तापमान ३२ अंशांच्या वर असेल तर एकाच तासात संपवावेत, असा अन्नसुरक्षेचा नियम आहे. आता घरातला कार्यक्रम कसा चालतो ते पाहा. टेबल मांडून होतं, फोटो होतात, पाहुण्या जमेपर्यंत अर्धा तास जातो, मग वाडी, औक्षण, ओटी, डोहाळ्यांची गाणी, उखाणे, आणि त्यानंतर खाणं. तीन तास सहज होतात. ज्या बाईसाठी हा घाट घातलेला असतो, तिलाच शिळावलेल्या दुधाळ पदार्थाची जोखीम सर्वांत जास्त, कारण लिस्टेरियासारखा संसर्ग गरोदरपणात आईकडून बाळापर्यंत पोचू शकतो. शिवाय आपल्याकडे गरोदरपणातला मधुमेह काही दुर्मीळ नाही. त्यासाठी ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी रक्त तपासतात आणि ही चाचणी २४ ते २८ आठवड्यांच्या दरम्यान होते, म्हणजे डोहाळजेवणाच्या थोडं आधीच. बारा गोड पदार्थांचं टेबल मांडायचं आणि उत्सवमूर्तीला त्यातलं काहीच चालू नये, हा प्रकार टाळायचा तर यादी करण्यापूर्वी तिला विचारावं. भाजलेले मखाणे, सुकामेवा, ताकाचा प्याला, एखादं थालीपीठ तिच्यासाठी त्याच टेबलावर, तितक्याच नटव्या भांड्यात असावं.

यावर तोडगा साधा आहे. टेबलावर कोरडं मांडावं, ओलं फ्रिजमध्ये ठेवून खायच्या वेळी छोट्या वाट्यांतून आणावं. नारळाच्या वड्या, बेसनाचे लाडू, शंकरपाळे, साट्याच्या करंज्या समारंभभर उघड्यावर राहिल्या तरी त्यांचा चेहरा पडत नाही. आणि फुलांच्या टेबलाला चिरोट्याइतका शोभणारा पदार्थ दुसरा नसेल. मैदा आणि बारीक रव्याच्या तीन पातळ पोळ्या, मधल्या पोळीच्या पिठात बीटचा रस. प्रत्येक पोळीवर तूप आणि तांदळाची पिठी फेसून केलेला साटा. तिन्ही एकावर एक ठेवून घट्ट गुंडाळी, सुरीने काप, आणि कापलेली बाजू वर ठेवून अगदी हलक्या हाताने एकदाच लाटणं फिरवायचं. लाटण्यावर जोर पडला की पदर चिकटतात. मंद आचेवर झाऱ्याने तूप उडवत तळलं की पापुद्रे सुटतात आणि गुलाबी कडेचं फूल तयार होतं. वर पिठीसाखर. डब्यात आठ दिवस टिकतात, त्यामुळे समारंभाच्या दिवशी त्यांच्यासाठी काहीच करावं लागत नाही. बेकरीतले गुलाबी फुलाचे कपकेक याच्यापुढे मला तरी बेगडी वाटतात, पण आवडीचा प्रश्न आहे.

फूल आणि खाणं एकाच ताटलीत यावं का, हा यातला सर्वांत नाजूक मुद्दा. युरोपात जेवणाच्या मेजावर मधोमध मोठी पुष्परचना रुळली ती एकोणिसाव्या शतकात, आणि त्यामागचं एक कारण वाढण्याच्या पद्धतीत होतं. सगळे पदार्थ एकदम मांडायची फ्रेंच रीत मागे पडली, एकेक पदार्थ वाढपी आणून देतील अशी रशियन रीत आली, मेजाचा मध्य रिकामा झाला आणि ती जागा फुलांनी घेतली. आपल्या पंगतीतही महिरप पानाच्या बाहेर असायची. म्हणजे दोन्हीकडे फूल जेवणाच्या शेजारी होतं, जेवणात नव्हतं. आता मात्र फोटोतल्या केकवर खरी फुलं खोचलेली दिसतात आणि त्यांची नक्कल घरोघर होते. बाजारातला डच गुलाब खाण्यासाठी पिकवलेला नसतो. त्याच्यावर कीड आणि भुरीसाठी फवारण्या झालेल्या असतात आणि झाडात मुरलेलं औषध धुऊन जात नाही. केकवर हमखास टोचला जाणारा जिप्सोफिलाचा पांढरा तुरा खायचा नसतो, त्यात सॅपोनिन असतात. अंगणातली फुलं ‘नैसर्गिक’ म्हणून सुरक्षित, हाही समज घातक आहे. गुलाबी आणि पिवळी कण्हेर हृदयावर परिणाम करणारं विष बाळगून असते. पावसाळ्यात रानात दिसणारी ज्वाळेसारखी कळलावी तर कोल्चिसिनमुळे जिवावर बेतू शकते. कंद सर्वांत विषारी, पण बाकीचं झाडही तोंडात घालण्याजोगं नाही. मुलं येणार असलेल्या घरात ही फुलं गोडाच्या टेबलावर नकोतच. केकवर फूल हवंच असेल तर घरच्या कुंडीतल्या, फवारणी न केलेल्या गावठी गुलाबाच्या पाकळ्या घ्याव्यात. पाहुण्यांसाठी गोकर्णाच्या निळ्या फुलांचं सरबत करता येतं, लिंबू पिळलं की ते समोर जांभळं होतं आणि मुलं त्याच्याभोवतीच घुटमळतात. गरोदर बाईने मात्र औषधी म्हणून ओळखली जाणारी फुलं डॉक्टरांना विचारल्याशिवाय पोटात घेऊ नयेत. आणि वासाचंही पाहावं. ज्याला आपण चव म्हणतो तिच्यातला मोठा भाग नाकाचा असतो. गुलछडीचा घोस केशरी पेढ्यांच्या शेजारी ठेवला तर केशर कळत नाही. उग्र वासाने मळमळणाऱ्या गरोदर बाईच्या पाठीशी तो ठेवणं तर त्याहून वाईट. वासाची फुलं दाराशी आणि खिडकीत, बिनवासाची टेबलावर, ही सोयीची वाटणी.

आता आक्षेप. एक असा की एवढी उस्तवार करण्यापेक्षा कापडी-प्लास्टिकची फुलं आणावीत. ना कोमेजायची चिंता, ना ऋतूची, आणि पुढच्या वेळी पुन्हा वापरता येतात. पुन्हा वापरणारी घरं असतील तर या आक्षेपात दम आहे. पण कमानीत तारेने आवळलेली, रंग उडालेली फुलं बहुधा माळ्यावर आणि तिथून कचऱ्यात जातात, आणि फूलउत्पादक शेतकऱ्यांनी त्यांच्यावर बंदी मागितली ती उगाच नाही. खरी फुलं वापरणाऱ्यांनीही मिजास करू नये, कारण काड्या खोचायचा तो हिरवा स्पंजही प्लास्टिकच आहे आणि तो कुजत नाही. ब्रिटनच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने २०२१ पासून आपल्या प्रदर्शनांत त्याला मनाई केली. घरी पसरट भांड्यात जाळीची गुंडाळी बसवली की त्याच्यावाचून अडत नाही. दुसरा आक्षेप फोटोंचा. शेवटी अल्बमच उरतो, मग टेबल फोटोसाठी सजवलं तर बिघडलं कुठे? काहीच नाही. फक्त फोटोपुरता केक दहा मिनिटं बाहेर काढावा आणि परत फ्रिजमध्ये ठेवावा. तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो: घरी करायचं म्हणजे घरातल्या बायका दोन दिवस राबणार. हे टाळायचं तर कामं कमी करावी लागतात, नुसती वाटून भागत नाही. दहा पदार्थांऐवजी चार, त्यातले दोन विकत. आणि बाजारातून फुलं आणणं, देठ कापणं, बादल्या उचलणं ही कामं होणाऱ्या बाबाला बिनदिक्कत द्यावीत.

राहता राहिला रंग. अर्धं टेबल गुलाबी आणि अर्धं निळं करायची जी टूम आली आहे, ती मुलगी की मुलगा या कुतूहलावर उभी आहे. महाराष्ट्राने गर्भलिंगनिदानाला १९८८ मध्ये आणि देशाने १९९४ मध्ये कायद्याने लगाम घातला, तो कशामुळे हे आठवलं तर पेढा-बर्फीच्या झाकलेल्या वाट्यांचा खेळही गाळावासा वाटेल. रंग फुलांवरूनच घ्यावा. मे महिना असेल तर मोगऱ्याचा पांढरा, कैरीचा हिरवा आणि पितळी परातीचा पिवळा, एवढं पुरतं. श्रावणात सोनचाफ्याचा केशरी-पिवळा आणि केळीच्या पानाचा हिरवा. डिसेंबरात शेवंती पांढरी, पिवळी, जांभळी अशी मिळते, तेव्हा त्यातले दोन रंग घ्यावेत. आणि गुलाबीचा हट्टच असेल तर तो चिरोट्यांच्या कडांवर पुरवता येतो, अगदी कुठल्याही महिन्यात.